बिनविम्याचा बैल

विमा संपत आल्याचा मेसेज आला तेव्हा मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोपाळकृष्णकाकांना इलेक्ट्रिक गाडी किती स्वस्त पडते हे समजावून सांगत होतो. गाडी घेतल्यापासून बहुतेक रविवारी मी हे काम करत आलो होतो. काका वीज मंडळाच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी आयुष्यात चारचाकी घेतली नाही, त्यामुळे चारचाकीबद्दल त्यांची मतं अगदी स्वच्छ आहेत. मी "पेट्रोलचा थेंब नाही, ऑइल नाही, क्लच नाही" इथपर्यंत आलो होतो आणि फोन वाजला. मेसेज वाचून माझा चेहरा कसा झाला ते मला दिसलं नाही, पण काकांना दिसलं.

"काय हो? घरचं कुणी?"

"विम्याचा हप्ता."

"किती आलाय?"

मी सांगितलं. गेल्या वर्षीच्या जवळजवळ दीडपट होता. काकांनी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली. आता इथं थोडा वेळ थांबण्यात अर्थ आहे असं वाटलं की माणूस पिशवी ठेवतो, तशी.

"म्हणजे पेट्रोलचे वाचवलेले इकडून गेले की हो!" काका म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकी सहानुभूती होती की मला त्यांचा राग आला.

संध्याकाळपर्यंत ही बातमी आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या तिन्ही इमारतींत पोचली. वर्षभर मी ज्यांना पर्यावरणाबद्दल सांगितलं होतं ते सगळे लोक जिन्यात भेटले. एरवी लिफ्टने जाणारेही जिन्यातच भेटले.

विम्याचं काम बघणाऱ्या श्रद्धा नावाच्या बाई होत्या. फार सौम्य बोलायच्या. मी त्यांना फोन केला आणि शक्य तितक्या भारदस्त आवाजात विचारलं, "मॅडम, मी वर्षात एकही क्लेम केलेला नाही. साताऱ्याला आठवड्यातून दोनदा जातो, पण गाडी अशी चालवतो की डिकीत दुधाचं पातेलं ठेवलं तरी साय हलणार नाही. मग ही वाढ कशाबद्दल?"

"सर, तुमच्या गाडीची निम्मी किंमत खालच्या बॅटरीत आहे. तिला दगड लागला तर ती दुरुस्त होत नाही, अख्खी बदलावी लागते. आता असे क्लेम यायला लागलेत."

"पण दगडावर गाड्या दुसऱ्यांनी घातल्या. त्याचे पैसे मी का भरायचे?"

"सर," त्या अगदी हळू म्हणाल्या, "विमा म्हणजे तेच असतं."

पदवीधर माणसाला कुणी इतकी साधी गोष्ट इतक्या हळू आवाजात सांगितली की त्याच्यापुढं दोनच रस्ते उरतात, शहाणं होणं किंवा हट्टाला पेटणं. मी दुसऱ्या रस्त्याने गेलो. तो नेहमी मोकळा असतो.

सल्ल्यांची कमतरता नव्हती. कुणी म्हणालं गाडी विका, कुणी म्हणालं बॅटरीचा विमाच काढू नका, फक्त वरच्या पत्र्याचा काढा. पण मला पटला तो गोपाळकृष्णकाकांचा सल्ला. "विमा आणि भाजी," ते म्हणाले, "बाजार उठताना घ्यावी. तुम्ही गप्प बसा. शेवटच्या दिवशी कंपनी आपण होऊन खाली येते. त्यांनाही टार्गेट असतं." ज्या माणसाने कधी गाडीचा विमा काढला नाही त्याने हे सांगितलं होतं, ही गोष्ट मला तेव्हा त्यांच्या निःपक्षपातीपणाचा पुरावा वाटली.

"तारीख चुकली तर?" बायकोने, म्हणजे संयोगिताने, विचारलं.

मी तिला बाजाराचं मानसशास्त्र समजावून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. पण बेंदराला गाडी घेऊन जायचंय, एवढं लक्षात असू द्या. माझ्या अप्पांनी शब्द टाकलाय."

आता हा बेंदराचा भाग सांगायला हवा, कारण सगळा घोळ तिथंच आहे.

माझी सासुरवाडी कडेगावच्या पलीकडं, उसाच्या गावात. सासरे हंबीरराव, ज्यांना मी मामा म्हणतो, लष्करातून सुभेदार होऊन परत आले आणि मग त्यांनी जन्मभर बैल सांभाळले. आमच्याकडं बैलांचा सण म्हणजे बेंदूर. दिवसभर बैलांना धुवायचं, रंगवायचं, पुरणपोळी चारायची, आणि संध्याकाळी वेशीत पिंपळाच्या पानांचा एक जाडजूड दोर आडवा बांधायचा. त्याला कर म्हणतात. बैलांनी पळत येऊन तो तोडायचा. पहिला कर कुणाच्या बैलांनी तोडायचा याचा मान असतो, आणि त्या गावात तो मान मामांच्या घराण्याचा होता. मामांच्या आज्यापासून होता.

पण मामांचे गुडघे गेले आणि मागोमाग बैल गेले. पहिल्या वर्षी लोकांनी समजून घेतलं. दुसऱ्या वर्षी मामांनी मेव्हण्याचा ट्रॅक्टर सजवून वेशीत आणला, तर त्यांचे चुलतभाऊ नाथाजी पंचांसमोर उभे राहिले. "जे डिझेल पितंय आन् धूर सोडतंय त्ये जनावर न्हवं," नाथाजी म्हणाले. पंचांना ते पटलं. त्या वर्षी कर कुणीच तोडला नाही, दुसऱ्या दिवशी वाऱ्याने तुटला. आणि ठरलं, की यंदा मामांच्या दारातून काही आलं नाही तर मान नाथाजींकडं जाणार, तो कायमचा.

मामांचा फोन आला तो त्यानंतरच्या आषाढात.

"पाव्हणं, तुमची गाडी डिझेल पीत न्हाई न्हवं?"

"नाही मामा."

"धूर?"

"अजिबात नाही."

"वरडती का?"

"मामा, इतकी गप आहे की मागून आलेली कळत नाही. माणसं दचकतात."

मग मामा म्हणाले, "मंग ती जनावरच हाय. म्या पंचास्नी इचारून बसलोय. नाथाजीला बोलाय जागाच न्हाई. तेवढी बेंदराला आणा. माजं लय मोठं काम हुईल."

मामांनी मला वीस वर्षांत पहिल्यांदा काम सांगितलं होतं. मी छाती काढून "आणतो" म्हणालो.

विमा संपायची तारीख बेंदराच्या आदल्या दिवशीची होती. मी दिवसभर फोन हातात धरून बसलो, कंपनी कधी खाली येते याची वाट बघत. दुपारी श्रद्धाबाईंचा फोन आला. "सर, आज भरलं नाही तर उद्यापासून गाडीची तपासणी करावी लागेल. व्हिडिओ काढून पाठवायचा, गाडी चांगली दिसली तरच विमा मिळतो."

"किती कमी होतील?" मी विचारलं.

"कमी नाही होणार, सर."

"मग विचार करून सांगतो," मी म्हणालो. हे वाक्य मी फार थंडपणे उच्चारलं. समोरचा घाबरावा म्हणून. रात्री बारा वाजता बाजार उठला आणि मी भाजीशिवाय घरी राहिलो. दुसऱ्याला धडक दिली तर त्याचा विमा तीन वर्षांचा एकदमच काढलेला होता, त्यामुळे कायद्याने गाडी रस्त्यावर आणता येत होती. आपल्या गाडीला काही झालं तर मात्र आपलं आपण.

हे मी संयोगिताला गाडीत, तासगावच्या पुढं गेल्यावर सांगितलं. ती म्हणाली, "मग हळू चालवा." मी इतकी हळू चालवली की एका सायकलवाल्याने ओलांडून जाताना खिडकीतून वाकून बघितलं, आत सगळं ठीक आहे ना म्हणून.

वाडीवस्तीवरची पोरंटोरं, म्हातारे, सगळे मामांच्या अंगणात जमलेले होते. मामांनी फेटा बांधला होता. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "अंग गरम हाय. दमलाय."

ते तिला ओढ्यावर धुवायला न्यायला निघाले होते. बॅटरी खाली आहे, ओढ्यात नेता येणार नाही, हे मी पोटतिडकीने सांगितलं. मामांना ते लगेच पटलं. "बरोबर हाय. पोटाला थंड पानी न्हाई लावायचं," असं म्हणून त्यांनी स्वतः बादलीने फक्त वरचं अंग धुतलं. मग खांदेमळण म्हणून पुढच्या चाकांच्या वर हळद आणि तूप चोळलं. दारांवर गेरूचे ठिपके आले. आरसे म्हणजे शिंगं, त्यावर कुणाचं दुमत नव्हतं. ती लाल रंगाने रंगवली, काच सोडून, कारण मी तेवढी विनंती केली होती. आरशांना गोंडे बांधले. मी प्रत्येक वेळी "हे निघतं ना?" विचारत होतो आणि मामा प्रत्येक वेळी "निघतंय की" म्हणत होते. काय काय निघतं याबद्दल लष्करात फार उदार धोरण असावं.

तेवढ्यात श्रद्धाबाईंचा फोन आला. मी गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन बोलत होतो, आणि सासूबाई, बनुबाई, नैवेद्याचं ताट घेऊन जवळ आल्या.

"जावईबापू, ह्येचं तोंड कुटलं?"

मी फोनवर हात ठेवून घाईघाईने म्हणालो, "पुढं डाव्या अंगाला झाकण आहे बघा. तिथनंच खातो तो."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. त्या 'बरं'कडं माझं लक्ष असायला हवं होतं. त्या अर्धवट काम करणाऱ्या बाई नाहीत.

संध्याकाळी वेशीत सगळं गाव लोटलं होतं. कर बांधलेला, मनगटाएवढा जाड, पिंपळाची पानं खोचलेली, आणि मधोमध लोंबणारा एक नारळ. नारळाची उंची बैलांच्या मानाने ठेवलेली होती. माझ्या गाडीच्या मानाने ती बरोबर काचेसमोर येत होती, म्हणजे काचेच्या आत जिथं कॅमेरा बसवलाय त्याच्या नाकासमोर. मागं नाथाजींची खिलारी जोडी उभी होती, शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या घातलेली. नाथाजी माझ्याकडं बघून हसले. वाईट हसले असंही नाही. ज्याचा बैल खरा असतो तो जसा हसेल तसे.

नियम असा, की पंच हाक देतात. तिसऱ्या हाकेपर्यंत जनावर गेलं तर गेलं. नाही गेलं तर मागच्या जोडीला वाट द्यायची.

"हो ऽऽ!" पहिली हाक झाली. हलगी वाजली. मी गाडी सोडली. ती आवाज न करता निघाली, गर्दीतून "आरं आरं, चाललं की रं!" असं उठलं, मामा बाजूने आपल्या गेलेल्या गुडघ्यांनी जवळजवळ पळत होते, आणि करापासून दोन हातांवर गाडी गचकन थांबली. आपण होऊन. समोर आडवं काही दिसलं की ती स्वतः ब्रेक मारते. याच गुणाबद्दल मी सोसायटीत दोन रविवार बोललो होतो. आतून टूं टूं टूं आवाज यायला लागला.

"बुजला रं, बुजला!" गाव हसलं.

"हंबीरराव, येसण घाला त्येला!" नाथाजी ओरडले.

मी मागं घेतली. दुसरी हाक झाली. पुन्हा निघाली, पुन्हा तिथंच थांबली. मामा खिडकीशी आले. फेटा घामाने ओला झाला होता.

"पाव्हणं, ह्ये आडवं येतंय त्ये बंद व्हतंय का?"

"होतं मामा. स्क्रीनवर आहे."

"मंग करा की."

मी स्क्रीनवर शोधलं. सापडलं. मग वर बघितलं. नारळ वाऱ्याने जरा हलत होता. त्या काचेची किंमत मला माहीत होती, कारण विम्याच्या भांडणात मी सगळ्याच भागांच्या किमती पाठ केल्या होत्या.

"मामा, तेवढा नारळ काढता येईल का?"

"नारळ काडून कर तोडत्यात व्हय?" मागून नाथाजी म्हणाले.

"मामा," मी आवाज खाली आणला, पण खिडकी उघडी होती आणि हलगी नेमकी थांबली होती, "काल विमा संपलाय."

"इमा म्हंजी?" गर्दीत एका म्हातारीने विचारलं.

"म्हंजी गाडीला काय झालं तर पाव्हण्याच्या खिशातनं," कुणीतरी समजावलं. आमच्या श्रद्धाबाईंपेक्षा थोडक्यात.

मामा बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. तिसरी हाक झाली. मी ब्रेकच्या खुणेवर बोट ठेवलं. गाडीने विचारलं, खात्री आहे का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही. मला जन्मात कुणी असं विचारलं की माझी खात्री असलेलीही जाते. लग्नातसुद्धा भटजींनी विचारलं नाही म्हणून निभावलं. मी त्या चौकोनांकडं बघत राहिलो. हाक विरली. पंचांनी मान हलवली. मी 'नाही' दाबलं, तेव्हा ते दाबायची गरजही राहिली नव्हती.

"घ्या मागं," मामा म्हणाले.

गर्दीतून गाडी मागं घेणं अवघड होतं. मामा मागं गेले आणि फौजेत ट्रक मागं घेतात तसे हात करून मला वाट दाखवायला लागले. "येऊ द्या. येऊ द्या. डावं मारा. येऊ द्या. बास." आवाज खणखणीत होता. गाव त्यांच्याकडं बघत होतं आणि ते माझ्या मागच्या बंपरकडं. कुठं लागू नये म्हणून.

नाथाजींची जोडी आली, मुसंडी मारली आणि कर तुटला. नारळ उडून बाजूच्या चिखलात पडला. कुणालाही लागला नाही.

रात्री जेवताना मामा सगळ्यांशी बोलत होते. ऊस, पाऊस, कारखाना. मला आग्रहाने वाढायला सांगत होते. "पाव्हण्यास्नी तूप घाला," म्हणाले. यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मला पोळी गिळता आली असती.

सांगलीत आलो तर गाडी चार्ज होईना. वायर आत बसेना. मला वाटलं, हा उद्याचा प्रश्न आहे, आधी तपासणी करू. सकाळी पार्किंगमध्ये व्हिडिओ कॉल लावला. गोपाळकृष्णकाका पिशवी खाली ठेवून उभे होते.

"सर, गाडीभोवती फिरा," श्रद्धाबाई म्हणाल्या. मी फिरलो. "सर, दारांवर हे डाग कसले?"

"गेरू. धुतला की जातो."

"आणि आरसे लाल? गाडीत काही बदल केलेत का? बदल असतील तर वेगळं सांगावं लागतं."

"बदल नाहीत. शिंगं रंगवलीत."

त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. "बरं. आता चार्जिंगचं झाकण उघडा, सर."

मी उघडलं. आतून मुंग्यांची एक शिस्तबद्ध रांग बाहेर आली आणि बंपरवरून खाली उतरली.

"सर, आत काय आहे?"

मी वाकून बघितलं. "पुरण," मी म्हणालो.

"कसलं?"

"हरभऱ्याचं. वर तूप आहे."

सासूबाईंनी एक घास भरवला नव्हता. तोंड भरेपर्यंत भरवलं होतं.

"वास चांगला येतोय हो," गोपाळकृष्णकाका म्हणाले.

तपासणीत गाडी नापास झाली. सर्व्हिस सेंटरने गाडी ओढून नेली, कामाच्या कागदावर 'चार्जिंगच्या जागी अन्नपदार्थ' असं लिहिलं, आणि तिथल्या प्रत्येक माणसाने येऊन एकदा बघून घेतलं. ते काम झाल्यावर दुसरी तपासणी, मग विमा मिळाला. हप्ता तोच. एक रुपयाही खाली नाही. उलट काकांच्या आणि माझ्या संबंधांत थोडी घट झाली, पण ती कुठल्या पॉलिसीत बसत नाही. मी चिडून त्यात सगळी जादा कलमं घालून घेतली. काच, बंपर, आरसे, उंदराने वायर कुरतडली तर तेसुद्धा. आता गाडीवर नारळ काय, नारळाचं झाड पडलं तरी चालेल.

विम्याचा कागद हातात आला त्या संध्याकाळी मी सासुरवाडीला फोन लावला. वाक्य मनात तयार होतं.

"मामा, गाडी व्हिडिओवर दाखवून विमा परत मिळाला. पूर्ण झाला. पुढच्या बेंदराला गाडी आणतो. ब्रेक घरूनच बंद करून येतो. पडू देत काय ओरखडे पडायचे ते. मी पंचांशी स्वतः बोलतो."

"न्हाई पाव्हणं," मामा म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता, जावयाशी बोलायचा. "मान काय तुमच्या इम्यागत न्हाई. दोन दिस उशीर झाला म्हणून फोटू काडून परत मिळत न्हाई त्यो."

पलीकडं सासूबाई काहीतरी विचारत होत्या, भांड्यांचा आवाज येत होता.

"पर गाडी बरी हाय न्हवं?" मामांनी विचारलं. "कुटं ओरखडा न्हाई न्हवं पडला?"

"नाही मामा. एकही नाही."

"झालं तर मंग," मामा म्हणाले.